लहानपणी ज्यांना पूरक आहार दिला, ती मुलं आता पंचविशीत: त्यांना पुन्हा कसं गाठायचं?

विचारणा थोडक्यात अशी आहे. एका संस्थेने साधारण पंचवीस वर्षांपूर्वी काही गावांत गरोदर बायकांना आणि तीन वर्षांखालच्या मुलांना रोज पूरक आहार दिला. शेजारच्या काही गावांत तो दिला नव्हता, पण मुलांची वजनं-उंच्या तिथेही घेतल्या होत्या. नोंदवह्या कपाटात शिल्लक आहेत आणि ती मुलं आता मोठी झाली आहेत. त्यांना पुन्हा तपासायचं तर काय मोजावं, किती जण सापडले म्हणजे पुरे, आणि जे अजून गावातच राहतात तेवढ्यांनाच तपासलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. गावात आहेत तेवढेच तपासून चालणार नाही. वीस वर्षं या कामात काढल्यावर मी हे सांगते आहे: तसा अभ्यास करण्यापेक्षा न केलेला बरा.

आज गावात कोण भेटेल याचा विचार करा. शेती सांभाळणारा मुलगा भेटेल, जवळच्या वाडीत दिलेली एखादी मुलगी भेटेल, काम सुटलं म्हणून परत आलेला भेटेल, आजारपणामुळे घरी बसलेला भेटेल. आयटीआय करून चाकणला लागलेला भेटणार नाही. बारावी झाली म्हणून शहरातलं स्थळ मिळालेली मुलगी भेटणार नाही. तुमच्या आहाराचा खरंच उपयोग झाला असेल तर तो असाच दिसणार ना? मूल जरा उंच झालं, आजारी कमी पडलं, शाळेत टिकलं, शिकलं आणि गावाबाहेर पडलं. ज्याच्यावर परिणाम सर्वांत जास्त झाला, तोच तुमच्या हातून सुटायची शक्यता सर्वांत जास्त. मागे राहिलेल्यांची तुलना केली की दोन्हीकडचे आकडे सारखे येतात, आणि आपण लिहून मोकळे होतो की मोठेपणी काही फरक उरत नाही.

जमैकात हे प्रत्यक्ष दिसलं आहे. किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली ९ ते २४ महिन्यांच्या, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर एक अभ्यास सुरू झाला. काहींना दर आठवड्याला एक किलो दुधाची भुकटी मिळे. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला जाऊन मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं हे आईला दाखवत. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. मुलं बाविशीत आल्यावर संशोधकांनी त्यांतल्या १०५ जणांना गाठलं, आणि देश सोडून गेलेल्यांचाही माग काढला. ज्यांच्या घरी खेळ आणि संवाद पोहोचला होता त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसत्या दुधाचा तसा टिकाऊ परिणाम कमाईत दिसला नाही, हे आपण आहारवाल्यांनी मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण इथे माझा मुद्दा दुसरा आहे. देश सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण खेळ-संवादाच्या गटात जास्त होतं. त्यांना वगळलं असतं तर फरकाचा मोठा भाग त्यांच्यासोबतच निघून गेला असता.

आता ग्वातेमाला. हा अभ्यास मी जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या कामाशी सर्वांत जवळचं असं हेच उदाहरण आहे. मध्य अमेरिकेतल्या इन्काप या पोषणसंस्थेने १९६९ ते १९७७ या काळात देशाच्या पूर्व भागातली चार खेडी घेतली, दोन जरा मोठी आणि दोन लहान. प्रत्येक जोडीतल्या एका गावात ‘आतोले’ दिलं जाई. तिथल्या मक्याच्या पारंपरिक पेजेवरून हे नाव घेतलेलं. प्रत्यक्षात ती वनस्पतिजन्य प्रथिनांचं मिश्रण, दुधाची भुकटी आणि साखर घालून केलेली गरम पेज होती. दुसऱ्या गावात ‘फ्रेस्को’ नावाचं थंड पेय दिलं जाई, ज्यात प्रथिनं मुळीच नव्हती आणि उष्मांक जेमतेम एक तृतीयांश होते. सकाळ-संध्याकाळ गावातल्या केंद्रावर कुणीही यावं आणि हवं तेवढं प्यावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि सात वर्षांखालच्या मुलांनी किती प्यायलं, हे मात्र मोजून लिहिलं जाई. आपल्या अंगणवाडीत वाटलेली सुकडी मुलाच्या पोटात गेली की घरच्या सगळ्यांत वाटली गेली, हे आपल्याला बहुतेक वेळा कळत नाही. तिथे ते कळत होतं. तुमच्या नोंदवह्यांत रोजच्या हजेरीचं पान असेल तर ते वजनाच्या पानाइतकंच जपा.

त्या आठ वर्षांत २३९२ मुलांची नोंद झाली. १९८८-८९ मध्ये त्यांना पुन्हा पाहिलं, मग २००२ ते २००४ मध्ये, मग २०१५ ते २०१७ मध्ये. २००२ च्या फेरीआधी त्यांनी प्रत्येक नावाचा हिशेब लावला. ७८ टक्के जिवंत आणि देशातच होते. ११ टक्के वारले होते, त्यांतले बहुतेक अगदी लहानपणी, संसर्गाच्या आजारांनी. ७ टक्के परदेशी गेले होते. ज्यांचा काहीच पत्ता लागला नाही ते फक्त ४ टक्के. जे देशात होते त्यांतले सुमारे ६० टक्के अजून मूळ गावात होते, आणि जवळपास एक चतुर्थांश राजधानीत किंवा तिच्या आसपास. संशोधक राजधानीतही गेले. शेवटी १५७१ जणांची किमान एक तरी मुलाखत पूर्ण झाली.

तुमचं पहिलं काम हेच आहे. मोजमापांचा विचार करण्याआधी प्रत्येक नावापुढे चारांपैकी एक खूण आली पाहिजे: जिवंत आणि पत्ता माहीत, वारले, परदेशी, पत्ता लागला नाही. ‘पत्ता लागला नाही’ हा रकाना जितका लहान होईल तितका तुमचा अभ्यास खरा.

ग्वातेमालात निघालं काय, तेही पाहा. तिसऱ्या वर्षाच्या आत आतोले मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई जास्त निघाली. अगदी पहिल्या दोन वर्षांत ज्यांना ती मिळाली, त्यांच्यात ही वाढ सरासरी कमाईच्या ४६ टक्क्यांएवढी होती. बायकांच्या कमाईत फरक नव्हता. बायकांमध्ये फरक दिसला तो शाळेत, साधारण एक इयत्ता जास्त. वाचून समजण्याच्या चाचणीत स्त्री-पुरुष दोघेही पुढे होते. आणि ज्या मुलींनी लहानपणी आतोले प्यायली होती, त्यांना पुढे झालेली बाळं जन्मतःच शंभर ग्रॅमहून जास्त वजनदार होती. म्हणजे आजीच्या काळातली पेज नातवंडाच्या वजनकाट्यावर उमटली. ज्यांनी फक्त कमाई मोजली असती आणि फक्त पुरुष शोधले असते, त्यांना हे कधीच दिसलं नसतं.

म्हणून मुलींबद्दल सर्वांत जास्त लिहिते आहे. आपल्याकडे पाठपुराव्यात पहिल्यांदा कोण गळतं? लग्न होऊन गेलेल्या मुली. त्यांना शोधायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि शोधणारी टीम बहुधा मुलांची असते. मग अहवालात एक ओळ येते, ‘स्थलांतरामुळे स्त्रियांचा प्रतिसाद कमी’. ते स्थलांतर नसतं. ते लग्न असतं आणि त्याचा पत्ता मुलीच्या आईला तोंडपाठ असतो.

नोंदवहीतली मुलगी आणि आजची बाई जुळवणं हे मात्र खरंच कठीण काम आहे. आडनाव बदलतं. अनेक घरांत लग्नात नावही बदलतात, म्हणजे तुमच्या वहीतली सविता सासरी अश्विनी असते आणि आधार कार्डावरही अश्विनीच. बारशाआधी नोंद झाली असेल तर वहीत नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं असतं. गावात तिला सगळे छकुली म्हणून ओळखतात आणि शाळेत नाव तिसरंच. याहून फसवी गोष्ट म्हणजे काही घरांत आधीचं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवतात. तुम्ही ज्याला शोधून काढलं तो प्रत्यक्षात तुमच्या वहीतल्या मुलाचा धाकटा भाऊ असतो. यातून सुटायला एकच नाव पुरत नाही. आईचं नाव, तिचं माहेर, हे मूल तिचं कितवं, पाठचं-पुढचं भावंड कोण, घर कोणत्या आळीत, यांतल्या निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय जोडणी पक्की धरू नका. दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी एकमेकींचं न पाहता जुळवणी करावी आणि जिथे मतभेद होईल ते नाव बाजूला ठेवून पुन्हा घरी जाऊन विचारावं.

जन्मतारखेचंही तसंच. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनला झालेला आहे, कारण पहिलीत घालायला वय बसवलं की गुरुजी तीच तारीख टाकत. आधारवर तीच गेली. तुमच्या अभ्यासात मूल आहार सुरू झाला तेव्हा सहा महिन्यांचं होतं की अडीच वर्षांचं, यावर सगळा निष्कर्ष उभा आहे. जुन्या वहीतली, सुईणीच्या किंवा दाईच्या सांगण्यावरून लिहिलेली तारीखच धरा. कार्डावरची तारीख वेगळ्या रकान्यात लिहा आणि हिशेबात घेऊ नका.

आता सासरी जाण्याबद्दल. माझ्या पहिल्या मोठ्या फेरीत माझ्याकडून एक चूक झाली आणि ती मला अजून लागते. संस्थेचं नाव लिहिलेली जीप आम्ही थेट एका मुलीच्या सासरच्या दारात उभी केली. हातातल्या पत्रावर ‘कुपोषित बालकांचा पाठपुरावा’ असं छापलेलं होतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासूने विचारलं, हिला लहानपणी काय आजार होता? आमच्यापासून काय लपवलं? आम्ही समजावून सांगितलं, चहा घेतला, निघालो. पुढे महिनाभर त्या मुलीला त्या घरात काय काय ऐकावं लागलं, ते तिच्या आईने मला नंतर सांगितलं. त्या मुलीने तपासणीला नकार दिला आणि तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. पहिली भेट नेहमी माहेरी, आईशी. वहीतलं तिच्या बाळाचं वजन तिला वाचून दाखवायचं. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो आकडा ऐकून बहुतेक आयांचा चेहरा बदलतो आणि बोलणं तिथून सुरू होतं. मग आईने स्वतः लेकीला फोन करावा आणि लेकीची इच्छा असेल तरच आपण बोलावं. कुठे भेटायचं हे लेकीने ठरवावं. ‘कुपोषण’ हा शब्द कुठल्याच कागदावर, गाडीवर, फोनवर नको. ‘लहानपणी आमच्या आहार केंद्रावर येत होतात, त्या सगळ्यांची आता आरोग्य तपासणी करतोय’ एवढंच, आणि ते खरंही आहे. सुरुवातच फोनने करू नका. अनोळखी नंबरवरून कुणी नाव, जन्मतारीख, आईचं नाव विचारायला लागलं की आजकाल माणसं फसवणुकीच्या भीतीने फोन ठेवून देतात, आणि एकदा ठेवलेला फोन पुन्हा उचलला जात नाही.

माहेरी मुली केव्हा येतात हे तुम्हाला माहीतच आहे. भाऊबीज, गावची जत्रा, मे महिना, पहिलं बाळंतपण. ही वेळ साधा, पण तिच्यातले खड्डे ओळखून. बाळंतपणाला आलेल्या मुलीची ग्लुकोज चाचणी आणि वजन तुमच्या बाकीच्या आकड्यांत मिसळता येत नाही. तिची मुलाखत घ्या, बाळाचं जन्मवजन लिहून घ्या आणि स्वतःच्या तपासणीसाठी पुढची तारीख ठरवा. दिवाळीच्या फराळानंतरच्या आठवड्यातलं वजन आणि रक्तातली चरबी ही वर्षभराची नसते. आणि सर्वांत मोठा खड्डा हा, की आहार दिलेली गावं नोव्हेंबरात उरकायची आणि न दिलेली मे महिन्यात, असं अजिबात करू नका. दोन्हीकडची गावं जोडीने घ्या, म्हणजे ऋतूचा फरक आहाराचा फरक म्हणून वाचला जाणार नाही. तुमच्या भागातून ऊसतोडीला माणसं जात असतील तर दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ती घरं बंद असतात. त्यांची फेरी पावसाळ्यात ठेवावी लागेल.

शहरात गेलेल्या मुलांसाठी माणूस पाठवा, त्यांना गावी बोलावू नका. पुण्याकडच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तो दिवस धरून तिथेच एखाद्या शाळेत किंवा दवाखान्यात तपासणी लावा. रात्रपाळी करून आलेल्या मुलाचं ‘उपाशीपोटी’ आणि गावात रात्री आठला जेवून झोपलेल्याचं ‘उपाशीपोटी’ एक नाही. शेवटचं खाल्लं केव्हा आणि झोपला केव्हा, दोन्ही लिहा. दिवसाची मजुरी बुडते ती भरून द्या, प्रवासखर्च द्या, आणि रक्त घेऊन झाल्यावर पोटभर नाश्ता द्या.

काय मोजावं, याचं उत्तर तुमच्या खिशावर आहे, पण काही गोष्टी सोडू नका. उंची आणि बसलेली उंची दोन्ही घ्या. त्यातून पायांची लांबी कळते, आणि पाय हे मुख्यतः लहानपणीच्या वाढीचं काम आहे. वजन, कंबर, हाताच्या पकडीची ताकद, रक्तदाब, हिमोग्लोबिन. जमलं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची चाचणी. शिक्षण, कमाई, काम. बायकांना गरोदरपणांचा इतिहास आणि प्रत्येक बाळाचं जन्मवजन, शक्यतो कार्डावर पाहून.

पंचविशीतल्या सडपातळ मुलांची साखर कशाला तपासायची, असा प्रश्न तुमच्या टीममधून येईल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळपास ८०० ग्रॅमने हलकी. पण स्नायू आणि पोटातले अवयव जितके लहान होते तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबी राखलेली अशी ही बाळं. सातशेहून जास्त मुलांची दर सहा महिन्यांनी मोजमापं होत राहिली, आणि अठराव्या वर्षी त्यांतल्या सहाशेहून जास्त जणांची ग्लुकोज चाचणी झाली. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींची साखर सामान्य मर्यादेबाहेर निघाली. ही शिरूरकडच्या माळरानावरची बारीक अंगाची मुलं होती. तेव्हा वजनावरून कुणाला वगळू नका. आणि त्या अभ्यासाकडून शिकायची दुसरी गोष्ट अशी की त्यांना मुलं ‘शोधावी’ लागली नाहीत, कारण त्यांनी त्यांचा हात कधी सोडलाच नव्हता. तुमचा पंचवीस वर्षांचा खंड पडला आहे. या फेरीनंतर तरी वर्षाला एक भेट चालू ठेवा.

उलट अपेक्षेचीही तयारी ठेवा. ग्वातेमालाच्या २०१५-१७ च्या फेरीत गर्भापासून दोन वर्षांपर्यंत आतोले मिळालेल्यांमध्ये मधुमेहाची शक्यता कमी निघाली आणि लठ्ठपणाची जास्त. एकाच पेजेचे दोन दिशांना परिणाम. म्हणून काय मोजणार, त्यातलं मुख्य कोणतं आणि दुय्यम कोणतं, हे रक्ताची पहिली बाटली भरण्याआधी लिहून नोंदवून ठेवा. नंतर आपल्याला आवडणारा आकडा पुढे काढायचा मोह सगळ्यांनाच होतो.

मोजण्याच्या शिस्तीबद्दल एकच उदाहरण देते. हैदराबादजवळच्या २९ गावांत १९८७ ते १९९० या काळात राष्ट्रीय पोषण संस्थेने एकात्मिक बालविकास योजनेसोबत गरोदर बायकांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना मका-सोयाबीनच्या मिश्रणाचा उपमा देण्याचा प्रयोग केला होता. १५ गावांत उपमा, १४ गावांत नाही. ती मुलं १३ ते १८ वर्षांची असताना, २००३ ते २००५ मध्ये, ११०० हून अधिक जणांना तपासलं. उपमा मिळालेल्या गावांतली मुलं सरासरी १४ मिलिमीटर उंच होती. त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद चांगला होता आणि रक्तवाहिन्या कमी ताठर होत्या. १४ मिलिमीटर म्हणजे दीड सेंटिमीटरही नाही. तुमची एक कार्यकर्ती केसांचा अंबाडा न सोडता उंची घेत असेल आणि दुसरी सोडून, तर एवढा फरक तिथेच होतो. दिवसभरात माणसाची उंची थोडी कमी होते, म्हणून सगळ्यांची सकाळीच घ्या. रोज सकाळी ठरावीक लांबीच्या दांड्याने स्टँड तपासा. दर आठवड्याला दहा जणांना दोघींनी वेगवेगळं मोजावं आणि फरक लिहावा. आणि मोजणाऱ्यांना कोण कुठल्या गटातलं आहे हे माहीत नसावं. गावात जाऊन मोजलं तर ते लपत नाही, म्हणून दोन्हीकडच्यांना तालुक्याच्या एकाच केंद्रावर आणा. शोधणारी माणसं वेगळी आणि मोजणारी वेगळी.

प्रत्येक बाईची ग्लुकोज चाचणी आणि क्ष-किरणावर चालणारी कुठलीही तपासणी घेण्याआधी ती गरोदर नाही ना हे पाहावं लागतं. हे विचारायचं आणि तपासायचं काम बाईनेच करावं, बंद खोलीत, आणि उत्तर फक्त तिलाच सांगावं. बाहेर बसलेल्या नवऱ्याला ‘आज त्यांची ही चाचणी होणार नाही’ एवढंही सांगितलं तरी तो ओळखतो. म्हणून ज्या दिवशी चाचणी टाळायची त्या दिवशीही तिला बाकीच्यांइतकाच वेळ आत बसवायचं.

संमती नव्याने घ्यायची. तेव्हा सही किंवा अंगठा आईबापांचा होता, आणि ही माणसं आता सज्ञान आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. कित्येकांना आपण लहानपणी कुठल्या अभ्यासात होतो हे माहीतही नसतं. जुने आकडे वापरू का, हे वेगळं विचारा, आणि नवी तपासणी करू का, हे वेगळं. काही जण पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्याला नाही. तोही पुष्कळ मोठा होकार आहे. सासूची किंवा नवऱ्याची परवानगी ही संमती नव्हे, पण ती मिळाल्याशिवाय मुलगी येऊ शकत नाही हेही खरं. त्यांच्याशी आदराने बोला, आणि मग तिला एकटीला पुन्हा विचारा.

चाचणीचे निकाल त्या माणसाचे आहेत. हिमोग्लोबिन आणि साखर त्याच दिवशी मराठीत लिहून हातात द्या. पंचविशीतल्या मुलाला मधुमेह निघाला तर पुढे तो कुठे जाईल, औषध कोण देईल, हे तपासणी सुरू होण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्राशी ठरवलेलं हवं. ते ठरलेलं नसेल तर साखर मोजू नका.

किती सापडले म्हणजे पुरे? याचं एकच असं उत्तर नाही. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या ८१८१ बाळांच्या नोंदी होत्या, आणि २६ ते ३२ वर्षांच्या वयात तपासता आले १५२६ जण. तरीही तो अभ्यास मोलाचा ठरला, कारण प्रश्न असा होता की लहानपणी कसं वाढलेलं मूल पुढे मधुमेहाकडे जातं. त्यासाठी त्याच माणसांचा वाढीचा आलेख हातात हवा होता, आणि तो होता. पहिल्या दोन वर्षांत बारीक असलेली आणि नंतर भराभर वजन वाढलेली मुलं त्यात पुढे आली. तुमचा प्रश्न दोन प्रकारच्या गावांच्या तुलनेचा आहे, म्हणून तुम्हाला गळती जास्त महागात पडेल. शेकडा किती सापडले यापेक्षा दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात आणि सारख्याच तऱ्हेची माणसं सापडली का, हे पाहा. न सापडलेल्यांचं लहानपणीचं वजन, आईचं शिक्षण, घराची परिस्थिती तुमच्या वहीत आहे. ती सापडलेल्यांच्या शेजारी मांडून तक्ता छापा. संख्याशास्त्रज्ञ त्यावरून भार देऊन हिशेब दुरुस्त करू शकतो, पण वहीत जे नाही ते तो निर्माण करू शकत नाही.

गावं थोडी असतील तर आणखी एक अडचण येते. मुलं कितीही असली तरी तुलना गावांची आहे. एका गावाला पंधरा वर्षांपूर्वी पक्का रस्ता झाला, दुसऱ्याच्या शिवारात एमआयडीसी आली, तिसऱ्यात दूध डेअरी बंद पडली, तर कमाईतला फरक आहाराचा की रस्त्याचा? प्रत्येक गावाची एक वही करा: वीज, नळाचं पाणी, रस्ता, माध्यमिक शाळा, डेअरी, कारखाना, दुष्काळाची वर्षं. जुने सरपंच, निवृत्त गुरुजी आणि अंगणवाडीच्या मूळ सेविका दोन दुपारींत सांगतील. त्या सेविका आता साठीच्या पुढे असतील, तेव्हा हे काम लांबवू नका.

आणि वारलेल्यांना यादीतून खोडू नका. आहारामुळे काही अशक्त मुलं जगली असतील, तर आज ती आहाराच्या गावांत सरासरी खाली ओढतील, आणि शेजारच्या गावांत तशी मुलं तेव्हाच गेलेली असल्याने तिथली सरासरी वर दिसेल. मृत्यू मोजले नाहीत तर आहाराने वाचवलेलं मूलच आहाराच्या विरुद्ध साक्ष देतं. त्या घरीही जायचं, पण कागद बाहेर न काढता. आईने आपणहून सांगितलं तर केव्हा आणि कशाने एवढंच विचारायचं. एका घरी वहीतली वजनं पाहायला मिळतील का, असं आईने मला विचारलं होतं. सहा महिन्यांची सहा वजनं होती. तिने ती दुसऱ्या कागदावर लिहून मागितली. आता आमच्या फाइलमध्ये अशा घरांसाठी कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा असतो, तुमच्याकडेही ठेवा.